शिंपडलेलं घड्याळ

घड्याळ त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही. हात मधेच थांबला.

अमरावतीला जवाहर गेटच्या आत त्या शेटजीचं घड्याळाचं दुकान होतं. बिघडलेलं घड्याळ आलं की तो आधी कानाला लावायचा, डोळे मिटायचा, मग बोलायचा. माझंही त्यानं हातात घेतलं होतं. "काय झालं सिस्टरबाई? बसा ना, उभ्या काहून?" असं म्हणाला होता. मी खुर्चीवर टेकणार, तेवढ्यात कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यानं चष्मा वर केला.

ते आमच्या गावचे गुरुजी होते. चांदूर रेल्वेकडच्या खेड्यात मी चौथीपर्यंत त्यांच्या शाळेत होते. पेन्शनीत निघाल्यावर ते शहरात लेकाकडे राहायला आले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. खरंच झाला, खोटं कशाला बोलू.

"अरे वा! शेटजी, ओळखलं का हिला? आमच्या गावच्या महारपुऱ्यातली पोरगी. मीच शिकवली. बघा, कुठल्या कुठे पोचली!"

कौतुकच करत होते हो ते. अन् त्या कौतुकाबरोबर शेटजीचा हात थांबला.

त्यानं घड्याळ काचेच्या कपाटावर ठेवलं. हातात विस्तव आल्यासारखं ठेवलं. मग उठला. भिंतीवर देवाची फळी होती, तिच्यावरचा तांब्याचा गडू घेतला. त्यात तुळशीचं पान होतं. ते बुडवलं अन् पाणी शिंपडलं. आधी घड्याळाच्या काचेवर. मग पट्ट्यावर. तेवढ्यानं मन भरेना, म्हणून बाजूच्या चावीवर. शेवटी स्वतःच्या हातावर.

"ए, खाली उतर. पायरीखाली उभी राह्य. चार दिवसांनी ये."

आत्तापर्यंत मी सिस्टरबाई होते. बसा होते. एका वाक्यानं मी 'ए' झाले. अन् मी उतरले. हड् म्हटल्यावर कुत्रं उतरतं तशी उतरले. मला त्याच्यापेक्षा माझ्या पायांची चीड जास्त आली. पांढरं लुगडं, पांढरा ब्लाऊज, पायात बूट, अन् मी पायरीखाली. गुरुजींनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला होता.

मीच शिकवली म्हणे! मला ते वर्गाच्या दाराबाहेर गोणपाटावर बसवायचे. माझी पाटी त्यांनी कधी हातात घेतली नाही, लांबूनच मान वाकडी करून बघायचे. गणित चुकलं तर छडी फेकून मारायचे. मारणाऱ्या हातालाही विटाळ नको. मग ती छडी मीच उचलायची, नाल्यावर धुवायची अन् उंबऱ्यापाशी ठेवायची. असं शिकवलं मला.

पण मला घड्याळाची काळजी होती. लोक म्हणतील, घड्याळासाठी एवढं काय? अहो, ते काही मिरवायचं घड्याळ नव्हतं. मी सरकारी दवाखान्यात नर्सचं शिकत होते. आमच्या लोकांनी नागपूरला दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या साली बाप मला इथं घेऊन आला. गावात त्यानं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं, म्हणून गावानं आमची कामं बंद केली होती. दवाखान्याच्या फाटकाशी तो एवढंच म्हणाला, "बाई, आता वापस येऊ नको. आलीस तं सुट्टीले ये." मी शिकून नर्स झाले नाही तर परत त्याच गावात जायचं होतं. दुसरी जागा नव्हती.

नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं. स्टायपेंडातून साठवून साठवून ते घेतलं. घेताना शेटजीनं स्वतःच्या हातानं माझ्या मनगटावर पट्टा बांधला होता. सालभराची गॅरंटी, काही झालं तर माझ्याकडे या, म्हणाला होता. तेव्हा तो मला काय समजला देव जाणे. मी दवाखान्यातल्यासारखं शुद्ध शुद्ध बोलले होते. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

महिनाभरात सेकंदकाटा खोडी करायला लागला. एका जागी अडखळायचा, थरथरायचा, मग एकदम पुढं जायचा. वॉर्डात एका बाळंतिणीची नाडी मी मोजली. काटा मधे अडकला, मी मोजतच राहिले. आकडा एवढा मोठा आला की मी घाबरून डॉक्टरांना बोलावलं. ते हातातला चहा टाकून धावत आले. त्यांनी आपल्या घड्याळावर मोजली. बाई चांगली ठणठणीत. बाई हसली, बाजूच्या खाटेवरची हसली. मोठ्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत.

"सोमवारपर्यंत घड्याळ ठीक करून आण. नाहीतर वॉर्डात पाय ठेवू नकोस. वॉर्डाशिवाय परीक्षेला बसता येत नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतं. म्हणून तर घड्याळ दुकानात नेलं होतं. ते चार दिवस मनगट उघडं ठेवून मी फरशा पुसल्या. झोप उडाली होती. जेवताना, चादरी घालताना, तुळशीचं ते पान दिसायचं. घड्याळजी माणूस! घड्याळाला पाण्याचं काय वावडं असतं हे त्याला सांगायला पाहिजे होतं का? दुसरं कोणी ओलं बोट जरी लावलं असतं तरी ओरडला असता. मला वाटलं, शिंपडलं तर शिंपडलं, पुसलं तरी असेल. इतका कोणी वेडा नसतो.

तेवढा होता.

सोमवारच्या आदल्या दिवशी दुपारी गेले. लग्नसराई होती. मोर्शीकडचे एक पाटील, संत्र्याच्या बागेवाले, जावयासाठी घड्याळ पाहत होते. मखमलीच्या ताटात बरीचशी घड्याळं मांडून ठेवलेली. गुरुजी आपल्या कोपऱ्यात होतेच. शेटजीनं मला पाहिलं अन् माझं घड्याळ चिमट्यात धरून कपाटाच्या कडेला ठेवलं.

काचेच्या आतून वाफ धरली होती. आकडे दिसत नव्हते. आता सगळेच काटे बंद.

"पाण्यात घातलंस. भांडी घासताना हातातच ठेवलं असशीन. याले गॅरंटी नाही. तुमच्या लोकांले वस्तू वापराची सवय नसते, मंग दुकानदाराच्या नावानं रडता."

माझं शुद्ध बोलणं तिथंच संपलं.

"पानी तुमी शिंपडलं. माह्या डोयासमोर. त्या गडूतलं."

"मी? मी कायले घड्याळावर पाणी टाकीन? पागल हाय का मी?"

मी गुरुजींकडे वळले. "गुरुजी, तुमी इथंच होते. सांगा."

गुरुजींनी पेपराची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून घातली.

"पोरी, शिकलीस, नोकरीला लागशील. आता असे वाद घालू नयेत. माणसानं पायरी ओळखून राहावं."

खोटं बोलले असते तर मी सहन केलं असतं. सांगितलं असतं की दिसलं नाही, म्हातारा झालो, डोळे गेले. पण त्यांना सगळं दिसलं होतं. दिसूनच ते मला पायरी दाखवत होते. मी पायरी ओळखली होती की! चार दिवसांआधी तीच तर उतरले होते.

मी पायरी चढले. आत गेले. पाटलांच्या समोरच्या मखमलीच्या ताटावर दोन्ही तळवे ठेवले. सगळी घड्याळं हातानं चाचपली, एकही सोडलं नाही. मग भिंतीकडे गेले. मोठमोठी टोल्यांची घड्याळं लटकत होती, हात पोचला तेवढ्यांना हात लावला. एकाचा लंबक धरून थांबवला.

"शिंपडा," मी म्हटलं. "आता या सगळ्यायवर शिंपडा. आना तो गडू."

शेटजी ओरडला. पोलीस म्हणाला, हलकट म्हणाला, माझ्या मायबापावर आला. मी म्हटलं, बोलवा पोलीस, शिवाशीव बंदीचा कायदा झाला हे त्यालेही माहीत आहे. रस्त्यावरचे लोक दारात जमा झाले. पण शेटजीचा हात काही त्या फळीकडे जाईना. कसा जाईल? पाणी टाकलं तर माल गेला.

मोर्शीच्या पाटलांनी हातातलं घड्याळ हळूच खाली ठेवलं. "शेटजी, मंग हे आता पोराच्या हातात कसं बांधाव जी?"

अन् शेटजी चटकन् बोलून गेला, "अहो पाटील, काय बोलता! धातूले काही विटाळ नसते!"

दारातलं कोणीतरी फिस्सकन् हसलं. मी नाही हसले.

"मंग माही घडी काय मातीची होती?"

शेटजीनं कपाटातून तसंच दुसरं घड्याळ काढलं अन् काचेवर आपटलं. "घे अन् तोंड काळं कर."

"हातात द्या."

पाटील खाकरले. मग शेटजीनं पट्ट्याचं टोक दोन बोटांत धरलं अन् मेलेला उंदीर धरावा तसं ते माझ्यापुढं लोंबतं केलं. मी घेतलं. तिथंच कानाला लावलं, चालत होतं. मनगटावर बांधलं अन् उतरले.

जिंकले असं कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. गुरुजी दुसऱ्याच दिवशी मोठ्या सिस्टरकडे येऊन गेले. चहा घेऊन गेले. संध्याकाळी मला बोलावणं आलं.

"तू बाजारात धिंगाणा घातलास म्हणे. त्या शेटजींची माफी मागून ये."

"नाही."

"परीक्षेला बसवायचं की नाही हे माझ्या हातात आहे."

"तुमच्या हातात आहे ते तुमी करा. माफी मी मागत नाही."

त्यांनी केलं. त्या खेपेला माझ्याबरोबरच्या सगळ्या पोरी परीक्षेला बसल्या, मी बेडपॅन धूत राहिले. बापाला काय सांगू हे सुचत नव्हतं. सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेले बस." पुढच्या खेपेला बसले. पास झाले.

पण तो दिवस डोक्यातून जात नव्हता. मी शोधत होते की मला नेमकं काय लागलं. गडू? ते पाणी? नाही. ते मी जन्मापासून पाहत होते. मला लागलं ते गुरुजींचं वाक्य. माझं गाव, माझी वस्ती, माझा बाप. हे सगळं माझं, अन् ते दुसऱ्याच्या खिशात होतं. त्याला वाटेल तेव्हा काढायचं अन् मला खाली उतरवायचं. अन् मी बूट घालून, शुद्ध बोलून, ते कोणी काढू नये म्हणून जीव मुठीत धरून बसायचं. का म्हणून?

साठ सालाच्या पुढं अकोल्याला बदली झाली. खोली पाहायला गेले. घरमालकीण मोठी गोड बाई. सिस्टर आहात, बरं झालं, घरात म्हातारं माणूस आहे, म्हणाली. चहाचं आधण ठेवलं. गाव कोणतं, एवढंही तिनं अजून विचारलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. गाव सांगितलं, महारपुरा सांगितला, बाप काय करत होता अन् त्यानं ते कसं सोडलं ते सांगितलं, आता आम्ही बौद्ध आहोत ते सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, शेजारीण खिडकीत होती तिलाही ऐकू गेलं.

बाईनं स्टोव्ह बंद केला. खोली आधीच कोणाला तरी दिली आहे हे तिला आठवलं.

मी ट्रंक उचलली. त्याच गल्लीत पुढच्या घराची कडी वाजवली. दार उघडलं. त्या माणसानं "कोण पाहिजे?" म्हणायच्या आत मी पुन्हा तेच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. भाडं नंतर विचारलं.

तेव्हापासून असंच करते. माझी ओळख मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघू देत नाही. दार लावायचं आहे? लावा. पण माझ्या तोंडावर, मला बघत लावा.