पुठ्ठ्याची वस्ती

एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात, मागच्या खोलीत बसून त्यांनी एकतीस वर्षं पुठ्ठ्याच्या इमारती केल्या. दवाखाने, शाळा, एक कोर्ट, दोन पूल. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल हे दाखवायला जे छोटं मॉडेल करतात, ते करणारा हा माणूस. कटर, पोलादी पट्टी, डिंकाची बाटली आणि खिडकीतला उजेड, एवढ्यावर त्यांचं भागायचं. बोलायची वेळ कधी फारशी आलीच नाही. घरी बायको होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, मग बायकोही गेली, आणि दोन खोल्यांचं ते घर खायला उठायला लागलं. सुट्टीच्या दिवशीही ते ऑफिसात जाऊन बसायचे.

वॉचमन विचारायचा, "आज कशाला आलात?"

"डिंक वाळलाय का बघतो," ते म्हणायचे.

साठी जवळ आली तेव्हा ऑफिसकडे दगडफोड्यांच्या वस्तीचं काम आलं. खाणीखालच्या उतारावर एकशे दहा घरं, तिसरी पिढी तिथेच नांदत होती. वरच्या कड्याला भेग गेली, म्हणून सगळ्यांना पलीकडच्या सपाट माळावर हलवायचं ठरलं. ऑफिसातल्या आर्किटेक्ट बाई तरुण होत्या, मनापासून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी सरळ रांगा, सरळ रस्ते आणि मधोमध बाग असा सुरेख नकाशा काढला. वस्तीतल्या लोकांनी तो पाहून माना डोलावल्या. कळलं कोणालाच नव्हतं.

बाईंनी ते ओळखलं. त्या मागच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "काका, मॉडेल करा. आणि ते घेऊन तुम्हीच चला माझ्याबरोबर."

शाळेच्या मोठ्या खोलीत दोन टेबलं जोडून मॉडेल मांडलं. भोवती माणसं दाटली, पण मॉडेलला हात लावायला कोणी धजेना. शेवटी एक मावशी पुढे आली. वय पंचावन्नच्या आसपास, हाताला दगडफोडीचे घट्टे, आवाज हातोड्यासारखा.

"यात माझं घर कुठलं?"

काकांनी बोट ठेवलं.

"हे? बिस्किटाएवढं? चहात बुडवून खाऊ का राहू?"

खोलीभर हशा पिकला. मावशी मात्र खाली वाकली, हनुवटी टेबलाला टेकवली आणि एक डोळा मिटून पुठ्ठ्याच्या दारातून बघायला लागली.

"इथून तर समोरच्याची मागची भिंत दिसते."

"मग काय दिसायला हवं?" बाईंनी विचारलं.

"रस्ता. आमच्या उतारावर कुठल्याही दारात उभं राहा, खालचा रस्ता दिसतो. खाणीवर गेलेला माणूस दोन पायांवर परत येतोय हे दिसलं, की मग आमच्या चुली पेटतात. माझा एकदा नाही आला. तेही मला दारातूनच कळलं. कोणी सांगायला यावं लागलं नाही."

बाई हळूच म्हणाल्या, "पण मावशी, माळ सपाट आहे. उतार कुठून आणू?"

तेव्हा काका बोलले. बैठकीत बोलायची त्यांची ही पहिलीच खेप. "खाणीबाहेर फुटक्या दगडांचे ढीग पडलेत ना, ते कोणाच्या कामाचे आहेत?"

"कोणाच्याच नाहीत," मागून एकजण म्हणाला. "आम्हीच रचलेत."

काकांनी पिशवीतून पुठ्ठ्याचे तुकडे काढले, मागच्या दोन रांगा उचलल्या, एकीखाली दोन आणि दुसरीखाली चार थर सरकवले. सपाट माळावर तीन पायऱ्या झाल्या. मावशीने पुन्हा हनुवटी टेकवली. बराच वेळ बघून म्हणाली, "हां. आता येतोय."

त्यानंतर तीन महिने काका रोज बसने तिथे जायचे. मॉडेल शाळेतच राहिलं आणि कामावरून सुटलेली माणसं हातपाय धुऊन तिथे यायची. समोरासमोर दारं नकोत, तिरकी करा, असं बायकांनी सांगितलं. भांडण झाल्यावर तोंड लपवायला जागा नको का? दोन भाऊ होते, बोलणं बंद. एकाने येऊन घर लांब न्यायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन, मध्ये तीनच घरं ठेवा म्हणाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ! बाग कोणालाच नको होती. तिच्या जागी दगड घडवायला आणि बसायला मोकळं फरसबंद अंगण आलं. फरशी आम्हीच घालू, विकतची नको, हेही ठरलं. काका कापत, चिकटवत, पुन्हा सोडवत. वस्तीने त्यांचं नाव पुठ्ठेकाका करून टाकलं. दारातून शिरताच कोणीतरी हाक मारायचं, "या पुठ्ठेकाका, आज कोणाचं घर पाडायचं?" बायको गेल्यापासून आल्या आल्या त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

एकदा मावशीने विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"मी असतो."

"आणि?"

"आणि मीच."

मावशी हसायला लागली आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, "वस्ती झाली की या. बसायला जागा आहेच आता."

मॉडेल पक्कं झालं, बाई ते मंजुरीसाठी घेऊन गेल्या, आणि काकांचं तिथलं काम संपलं. पुढे बांधकाम तीन वर्षं चाललं. दरम्यान ऑफिसात पुठ्ठा आपोआप कापणारं यंत्र आलं. काकांना शाल आणि घड्याळ देऊन म्हटलं, आता आराम करा. आरामाला काय, घरात चार भिंती होत्याच. उद्घाटन झाल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. बोलावणं आलं नव्हतं. यायला हवं होतं असंही त्यांना वाटलं नाही, पण दोन-तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. वर्षभराने एके दिवशी ते उठले आणि बसमध्ये बसले.

ते उतरले तेव्हा ऊन कललं होतं. माळावर तीन पायऱ्यांची वस्ती उभी होती, काळ्या दगडाची, आणि तिरक्या दारांची. कामावरून सुटलेली माणसं रस्त्याने येत होती. काका त्यांच्यातूनच चालले होते. वरच्या दारादारांतून बायका, पोरं, म्हातारी माणसं बाहेर येऊन बघत होती. प्रत्येकाची नजर रस्त्यावरून फिरायची, आपलं माणूस सापडलं की थांबायची. काकांवरून कितीतरी नजरा गेल्या. एकही थांबली नाही.

रस्ता विचारायची त्यांना गरज नव्हती. मधल्या पायरीवरच्या बोळातून ते नाकासमोर गेले, डावीकडे वळले, मावशीच्या दाराशी आले. दारात एक अनोळखी बाई धान्य निवडत होती.

"कोणाकडे आलात?"

"इथे मावशी राहायच्या…"

"त्यांना मुलीने नेलं. आठ महिनेच राहिल्या इथे. गुडघे धरले होते त्यांचे. आम्ही आता भाड्याने राहतो. बसा ना, पाणी देते."

ते बसले. तिने पाणी दिलं. घर बघणारा पाहुणा दिसला म्हणून तिला सांगावंसं वाटलं असावं.

"छान आहे ना वस्ती? सगळं आमच्या माणसांनीच ठरवलंय बरं का. शाळेत पुठ्ठ्याची वस्ती मांडली होती म्हणे, आणि जो तो आपलं घर उचलून हवं तिथे ठेवत होता. हा चढसुद्धा आमच्याच लोकांनी सुचवला."

काकांच्या हातातला पेला जरा थांबला. एकशे दहा घरांतला एकूण एक कोपरा त्यांच्या बोटांना पाठ होता. समोरच्या घराने ओटा बंद करून खोली काढली होती, आणि ते त्यांनी आल्याबरोबर हेरलं होतं.

"चांगलं केलंत," ते म्हणाले.

"मावशींना काही निरोप द्यायचाय?"

"पुठ्ठेकाका येऊन गेले म्हणून सांगा."

"कोण काका?"

"राहू दे," ते म्हणाले. पेला तिच्या हाती देऊन ते उठले आणि शेवटची बस गाठायला निघाले.

रविवारी मुलाचा फोन आला. काकांनी त्याला सांगितलं, की दगडाची एक फार सुंदर वस्ती पाहून आलो. "फोटो काढलेत का, बाबा?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर तो तिकडच्या थंडीविषयी बोलायला लागला. काका ऐकत राहिले. ते पुन्हा तिकडे गेले नाहीत.