निळ्या पिंपाचं ग्रीटिंग

आक्काच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत कोल्हापुरात झालं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं गाव कोडोली, तिला दिली चंदगड तालुक्यात. ऑपरेशननंतर आठ दिवस ती कसबा बावड्यात आमच्याकडं राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि घरी सोडलं. घरात आल्यावर तिनं चष्मा जरा वर केला आणि चारी भिंतींकडं नीट बघितलं.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तुमचं घर स्वच्छ हाय," ती म्हणाली.

माझी बायको स्वयंपाकघरात होती. तिनं हे ऐकलं नसावं असं मी धरून चाललो. ऐकलं होतं.

मग आक्का माझ्याकडं वळली. "तू पण म्हातारा झालास की."

मी एकसष्ट वर्षांचा आहे. यात मला नवीन काही नव्हतं, पण तोवर ते कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर गच्चीवर आली. शेजाऱ्यांच्या गच्चीवर पाण्याचं एक प्लॅस्टिकचं पिंप आहे, निळं, दोनशे लिटरचं. आक्का कठड्याजवळ थांबली ती हलेना.

"हे निळं हाय?"

"हो."

"निळं असं असतं व्हय?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू वाढत जातो तसं सगळं पिवळट दिसायला लागतं आणि निळा रंग पार मळून जातो. पण तो गेलाय हे माणसाला कळत नाही, कारण रोज थोडा थोडा जातो. उरलेले पाच दिवस आक्का सकाळचा चहा गच्चीवर, त्या पिंपासमोर घ्यायची. परत जायच्या दिवशी मी विचारलं, डाव्या डोळ्याचं कधी करायचं. "एक पुरं हाय," ती म्हणाली. तिला न्यायला आलेल्या दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मान डोलावली. तो विषय तिथं संपला.

एक जूनला आक्काचा वाढदिवस असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना दिलेली ही तारीख आहे. माझीही तीच आहे, दाजींचीही तीच. त्या दिवशी सगळं खानदान एकमेकांना फोनवरून गुलाबाची चित्रं पाठवतं. पण डॉक्टरांनी आक्काला फोन जरा कमी बघा असं सांगितलं होतं, आणि तिनं त्याचा अर्थ कधीच बघू नका असा घेतला होता. म्हणजे यंदा गुलाब पोचणार नव्हते. मे महिन्यात मी ठरवलं, तिला हातानं ग्रीटिंग करून पाठवायचं आणि त्यात ते निळं घालायचं.

मी तेहतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली. शिक्का मारता येणं ही माझ्याकडची एकमेव कला. शिक्का दाबायचा नसतो, टेकवायचा असतो, जरासा डुलवायचा आणि सरळ वर उचलायचा. रंगाचं मात्र मला काही कळत नव्हतं.

महाद्वार रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात मी जलरंग मागितले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "मूल कितवीत आहे?"

"माझ्यासाठीच हवेत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आर्टिस्ट क्वालिटी देऊ की स्टुडंट?"

"रिटायर आहे," मी म्हणालो. त्यांनी स्टुडंट दिले.

जाड कागद घेतला, दोन ब्रश घेतले. फोनवर व्हिडिओ लावला. त्यातली मुलगी म्हणत होती की जलरंगात पाणीच काम करतं, आपण फक्त मध्ये यायचं नाही. मी मध्ये आलो नाही. पाण्यानं सगळं पिंप कागदाच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन सोडलं. दुसऱ्या वेळी मध्ये आलो तर कागदाला भोक पडलं. तिसरं पिंप वांग्यासारखं दिसत होतं. बायकोनं ते बघून रात्री भरल्या वांग्यांचा बेत केला. मुद्दाम केला का, हे मी विचारलं नाही.

खरी अडचण रंगाची होती. डब्यात निळ्याच्या तीन ट्यूब होत्या आणि एकही त्या पिंपासारखी नव्हती. मी रंग लावलेल्या चिठ्ठ्या घेऊन गच्चीवर गेलो आणि एकेक चिठ्ठी हात लांब करून पिंपाशी ताडून बघायला लागलो. शेजारचे गृहस्थ त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

"गळतंय का काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. बघतोय."

"काय?"

"किती निळं आहे ते."

ते थोडा वेळ उभे राहिले आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन बघतो तर पिंप आतून-बाहेरून घासून धुतलेलं. त्यांना वाटलं, मी घाणीबद्दल बोलत होतो. धुतल्यावर पिंपाचा रंग दोन छटा उजळला आणि माझ्या सगळ्या चिठ्ठ्या वाया गेल्या. मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. अकराव्या कागदावर रंग जमला. मी तो वाळेपर्यंत जवळ बसून राहिलो, पंखा बंद करून.

पिंपाभोवती फुलं हवी होती. फुलं मी शिक्क्यानं करणार होतो, म्हणून शहरात एका जुन्या शिक्केवाल्याकडं गेलो. माझ्या नोकरीतले निम्मे शिक्के त्यानंच केलेले. त्याचं वयही माझ्याएवढंच.

"जास्वंदीचं फूल पाहिजे," मी म्हणालो.

"कुठल्या ऑफिसचं?"

"ऑफिसचं नाही. नुसतं फूल. बहिणीला ग्रीटिंग करतोय."

त्यानं वहीत लिहून घेतलं. "बहीण कुठं असती?"

"चंदगड तालुक्यात. आक्का म्हणतो आम्ही तिला."

मला वाटलं, तो सहज विचारतोय. दोन दिवसांनी शिक्का हातात आला तो गोल होता. मधे जास्वंद छान कोरलेली, वरच्या कडेला 'आक्का' आणि खालच्या कडेला 'ता. चंदगड, जि. कोल्हापूर'.

"नुसतं फूल लई मोकळं दिसत हुतं," तो म्हणाला. "गोल शिक्क्यात कडंला अक्षरं लागत्यात."

त्यानं ते मनापासून केलं होतं. मी पैसे दिले. घरी आलो, पॅडवर जांभळी शाई घातली आणि पिंपाच्या खाली उजव्या बाजूला एक शिक्का मारला. सुरेख उठला. तेहतीस वर्षांत इतका स्वच्छ शिक्का माझ्या हातून क्वचितच उठला असेल. पण फुलांचं काम त्यानं होणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

बायको भाजी चिरत होती. तिनं एका भेंडीचं डेख कापलं, कापलेली बाजू माझ्या लाल रंगात बुडवली आणि पिंपाच्या दोन्ही बाजूंना टक टक करत सात-आठ फुलं उठवली. पाच पाकळ्यांची, मधे ठिपके असलेली. अर्ध्या मिनिटाचं काम. मग उरलेली भेंडी धुऊन भाजीत टाकली.

"झालं की," ती म्हणाली.

आत काय लिहावं याचे मी चार मसुदे केले. पहिल्यात 'विषय' अशी ओळ आली, तो फाडला. दुसरा आणि तिसरा लांबत गेला. शेवटी लिहिलं, 'आक्का, हे निळं आहे.' बाकीचं सगळं जास्तीचं वाटलं. पाकिटावर मागं माझा पत्ता घातला आणि स्पीड पोस्टानं पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी दाजींचा फोन आला.

"कागद मिळाला," ते म्हणाले. "सही करून घेतला. पिंप कधी येणार?"

"कुठलं पिंप?"

"चित्रात हाय ते. गोल शिक्का हाय, तालुका-जिल्हा सगळं हाय. वर हिचं नाव, म्हंजी लाभार्थी ही. पाण्याचीच योजना असणार, तुझ्या जुन्या कचेरीतली. मी ग्रामपंचायतीत जाऊन आलो."

मी खाली बसलो. "काय म्हणाले?"

"आमच्याकडं अजून काय आलेलं न्हाय म्हणाले. पण झेरॉक्स ठेवून घेतली."

"दाजी, आत काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"वाचलं की. हे निळं आहे. म्हंजी दुसरा रंग मिळणार न्हाय. चालतंय आम्हाला."

"आक्काला दाखवलंत?"

"तिला कशाला? फायलीत घातलंय, सातबाऱ्याच्या मागं."

"दाजी, ते ग्रीटिंग आहे. मी केलंय. तिच्या वाढदिवसाचं."

मग दाजी म्हणाले, "म्हंजी पिंप न्हाय."

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाईट वाटलं. माणूस आशेनं पंचायतीपर्यंत चालत गेला होता. बायकोला सांगितलं तर ती पदराआड हसली आणि मग म्हणाली, "एक पिंप देऊन टाकूया त्यांना." ते पुढं दिवाळीत आम्ही दिलं. निळंच.

दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला. ती कधी आपणहून फोन लावत नाही.

"तुझ्या बायकोनं केलेली फुलं चांगली हायत," ती म्हणाली.

"ती तिनं केली हे कसं कळलं?"

"भेंडीची हायत ती. तुला भेंडी कुठं चिरता येती?" मग, "ते गोल कशाला मारलंस?"

"फूल आहे ते."

"असूदे," ती म्हणाली. "शेजाऱ्याचं पिंप काढलंस न्हवं? वळखलं मी."

मी विचारलं, "रंग जमलाय का?"

"तेच सांगायला फोन केलाय. उजवा डोळा झाकून बघितलं तर तुझं पिंप शेवाळल्यागत दिसतंय. डावा झाकून बघितलं तर निळं. कालपासनं झाकतीय आणि उघडतीय. घरात जाऊन भांडी बघितली, ह्यांचा सदरा बघितला. सगळं दोन दोन हाय." मग म्हणाली, "त्या डाक्टरला इचार, दुसऱ्याचं कधी करतो म्हणून."

मी त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन तारीख घेतली. जुलैत ती दोघं आली, ऑपरेशन झालं, काही त्रास झाला नाही. या वेळी ती दहा दिवस राहिली. ग्रीटिंगचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. एवढंच की एकदा मी ब्रश धूत होतो तर ती शेजारी येऊन बसली आणि पाणी कसं रंगतं ते बघत राहिली.

परत जायच्या दिवशी मी दोघांना सोडायला स्टँडवर गेलो. आक्का चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण गेली कितीतरी वर्षं ती गाडी कुठली हे कंडक्टरला विचारूनच चढायची. त्या दिवशी आम्ही बाकड्यावर बसलो होतो आणि गाड्या लांबून वळून आत येत होत्या. आक्का काळा चष्मा लावून ताठ बसली होती.

"गारगोटी," ती म्हणाली. मी बघितलं. गारगोटीच होती.

"राधानगरी," ती म्हणाली. मग, "गडहिंग्लज." मग एक गाडी सोडून, "इचलकरंजी." ती मोठ्यानं वाचत होती. शेजारच्या बाई तिच्याकडं वळून बघायला लागल्या. एक म्हातारे गृहस्थ उठून इचलकरंजीच्या गाडीकडं गेले.

दाजींनी पिशवी उचलली. "आली बघ आपली. चंदगड."

"दिसतंय मला," आक्का म्हणाली आणि त्यांच्या आधी उठून चालायला लागली.