लग्नातला बर्फ

लग्नात मी बर्फात उभा होतो. अंगात सिल्कचा सदरा, डोक्याला फेटा, पायांत कोल्हापुरी चपला आणि मागे पांढरेशुभ्र डोंगर. शेजारी बायको, तिच्या मुंडावळ्या त्या डोंगरवाऱ्यातही जराशा हललेल्या नाहीत. अल्बमच्या पुढच्या पानावर आम्ही होडीत, त्याच्या पुढच्या पानावर ट्यूलिपच्या बागेत. प्रत्यक्षात लग्न बोरगावला झालं आणि त्या आठवड्यात आम्ही निपाणीच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी निपाणीच्या फोटोग्राफरनं नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्या हंगामात आमच्या भागातल्या प्रत्येक जोडप्याला त्यानं परदेशात नेऊन आणलं. आई आल्यागेल्याला अल्बम दाखवायची. कुणी विचारलंच, "पोरं कवा गेलती गं तिकडं?" तर नुसती हसायची.

खरी परदेशात गेली ती बायको. बेळगावच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिकडं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला नर्सेस हव्या होत्या. चाळिशी ओलांडल्यावर ती नवी भाषा शिकली, परीक्षा दिली आणि गेली. आम्हाला मूलबाळ नाही. मी बेळगावातच, टिळकवाडीतल्या माझ्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात राहिलो. दोन वर्षांनी तिला कुटुंबाला बोलावता येईल असं कळलं. कुटुंब म्हणजे मी एकटा. राहण्याचा परवाना मिळाला तर आम्ही पुन्हा एका घरात. नाही मिळाला तर तिचं कंत्राट लांबलचक आहे आणि फोन आहेच.

चहाच्या टपरीवर बातमी माझ्याआधी पोचली होती.

"काय रं, आता बायकोच्या जिवावर व्हय?"

"व्हय की. तुमास्नी गल्लीतली माणसं फुकट आयतोबा म्हणत्यात. मला सरकार शिक्का मारून देणार हाय."

टपरी हसली. मी चहावाल्याला कमरेत वाकून सलामही केला. आत मात्र काही हललं नाही. ती गेल्यापासून हे असंच. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं. गोष्ट रंगवून सांगायची सवय तेवढी राहिली आहे.

लग्न खरं आहे हे दाखवायला दोघांचे एकत्र फोटो हवे होते. घरभर शोधले. दोघं असलेला एकच, गणपतीतल्या नाटकातला, त्यात मी राक्षस, सुळे आणि मिशा लावलेला. शेजारची ती ओळखू यायची, मी नाही. उरलेले सगळे तिनं काढलेले, म्हणजे त्यात ती नव्हतीच. शेवटी अल्बम स्कॅन केला आणि सगळ्यात देखणा म्हणून बर्फाचा फोटो पहिला लावला.

महिन्याभरानं वकिलातीकडून विचारणा आली. अर्जदार कधीच देशाबाहेर गेलेला नाही असं अर्जात म्हटलं आहे. मग तो या फोटोत कुठं उभा आहे? माहिती खोटी आढळली तर अर्ज फेटाळला जाईल. मुलाखतीला बेंगलोरला या.

बायकोला फोन केला.

"अहो, तो बर्फ कशाला पाठवलात?"

"दुसरा फोटोच नव्हता गं."

"एवढ्या वर्षांत एकपण नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निपाणीची बस धरली. फोटोग्राफर आता पासपोर्टचे फोटो काढतो आणि मोबाईलची कव्हरं विकतो. मी दारातूनच हात पसरले. "अण्णा, तुमच्या बर्फानं माझा संसार गोठवला!"

"मी तर मागं विहीर देत होतो की आप्पा, तुमच्याच मळ्यातली. तुमची आई म्हणाली, विहीर रोजच बघतोय, बर्फ घाल."

"मग बर्फ खोटा हाय म्हणून लिहून द्या."

"देतो की. पण कुणाला सांगू नगा. तालुक्यातली निम्मी लग्नं उघडी पडतील."

लिहून दिलं, सही केली आणि मग आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. सीड्या भरलेल्या. बराच वेळ उलथापालथ करून त्यानं आमचा एक मूळ फोटो स्क्रीनवर लावला.

मागे हिरवं कापड. त्याचा एक कोपरा सुटलेला, त्यातून कुणाची तरी सायकल दिसत होती. मी तिच्याकडं झुकून काहीतरी सांगत होतो आणि ती हसत होती. डोळे मिटून, मेंदीचा हात तोंडापर्यंत नेऊन, खळखळून.

"हा अल्बममध्ये का न्हाय घातला?"

"नवरी दात काढून हसतीया, नगो, म्हणाली तुमची आई. मग दुसऱ्या फोटोतली गप उभी असलेली काढून बर्फात लावली."

बसमधून तो फोटो बायकोला पाठवला आणि विचारलं, मी काय म्हणालो होतो गं तेव्हा? बस बेळगावात शिरताना उत्तर आलं. "आठवत नाही. तुम्हाला?"

मलाही आठवत नव्हतं.

बेंगलोरला काचेपलीकडच्या बाईंनी बर्फ पाहिला, फोटोग्राफरचं लिहिलेलं वाचलं, मग हिरव्या कापडाचा फोटो हातात घेऊन थांबल्या. मी बेळगावचा म्हटल्यावर कानडीत विचारलं, काय सांगितलंत हो हिला, एवढं हसायला? माझ्या जिभेवर एकापेक्षा एक उत्तरं तयार होती. कुठलंही एक खपलं असतं.

"गोत्तिल्ल मॅडम," मी म्हणालो. माहीत नाही.

त्यांनी तो फोटो फायलीत सगळ्यात वर ठेवला.

परवाना आला. मी दुकानातूनच फोन केला.

"बरं झालं," ती म्हणाली. "इथं थंडी फार असते. स्वेटर घेऊन या."

"मला कसली थंडी गं? मी नुसत्या सिल्कच्या सदऱ्यात बर्फात उभा राहिलेला माणूस."

तिच्या हसण्यासाठी किती थांबायचं हे मला पाठ आहे. तेवढा थांबलो. फोन स्वच्छ चालू होता. तिच्या मागे कुणाची तरी चाकांची खुर्ची करकरत गेलेली ऐकू आली.

मग ती म्हणाली, "दाराची दुसरी किल्ली करून घेतलीय. मी ड्युटीवर असले तर शेजारणीकडं मागा."