चुकीखालची सही

"चिठ्ठी कुठंय?"

मावशींचा पहिला प्रश्न हाच असायचा. भाजीवाल्यानं कालचा भाव आज बदलला, चिठ्ठी कुठंय. शेजारच्या पोरीच्या लग्नाची तारीख पुढं गेली, मग आधीची तारीख रद्द झाल्याची चिठ्ठी कुठंय. गल्लीतला नळ सकाळच्याऐवजी दुपारी यायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःच चिठ्ठी लिहिली, तारीख टाकली, खाली सही केली आणि भिंतीवरच्या वेळापत्रकावर खळीनं डकवली. आमच्या पूर्णा गावातला नळ काही एका वेळेला धरून राहणारा नाही. तीन वर्षांत ते वेळापत्रक भाकरीएवढं जाड झालं.

तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल. आपण हसतो आणि पुढं जातो. मीही हसले होते.

मावशी रेल्वेतल्या निवृत्त लिपिक. नवरा नोकरीत असतानाच वारला, त्याच्या जागी त्यांना घेतलं. लेक तेव्हा दीड वर्षाचा. पूर्णा जंक्शनच्या एका ऑफिसात टेबल मिळालं आणि काम मिळालं नियमपुस्तकांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लावायचं. नियम बदलला की छापील चिठ्ठी यायची. ती कापायची, जुन्या मजकुरावर एकाच कडेनं डकवायची, म्हणजे वर उचलली की खालचं जुनंही वाचता यावं. नंबर, तारीख, सही. नोकरीभर हेच. "एक चिठ्ठी राहिली तर गाडी जुन्या नियमानं सुटती," असं त्या म्हणायच्या आणि म्हणताना जराही हसायच्या नाहीत.

मी त्यांच्याकडे पत्रकं टाईप करून घ्यायला जायचे. आमची मुलींची छोटी संघटना. पत्रक काढणं हेच आमचं शस्त्र, आणि मावशी त्या शस्त्राची धार काढून टाकायच्या.

"काय पुढारीणबाई, 'शेकडो मुली' लिहिलंस. मोजल्या का?"

"अंदाजे आहे मावशी."

"अंदाज खोडते. तुझ्या पत्रकात धूर लय. इंजिन कुठंय?"

एका दुपारी गेले तर त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी मजकूर होता. काही ओळी लाल, आधी वजाचं चिन्ह. काही हिरव्या, आधी अधिकचं. मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, "चिठ्ठ्या लावायलेय."

मला वाटलं, म्हातारी फसली. घरबसल्या टायपिंग करा म्हणून बायकांना लुबाडणाऱ्या टोळ्या मी पाहिल्या होत्या. पत्रकाचा मथळासुद्धा डोक्यात तयार झाला. मावशींनी मला खाली बसवलं, पुढ्यात शेंगदाणे ठेवले आणि समजावलं.

संगणक चालू केला की सगळ्यात आधी त्याचा गाभा जागा होतो. त्याला कर्नल म्हणतात. बाकी सगळं त्याच्या जिवावर. मावशींचा कर्नल कुणा एका कंपनीचा नव्हता. जगभरची माणसं मिळून तो लिहितात, कुणालाही वाचता येतो, कुणालाही दुरुस्ती पाठवता येते. त्यात हजारो कळी, म्हणजे बटणंच, असतात, ही चालू ठेवायची की बंद, आणि प्रत्येक कळीपाशी चार ओळींची माहिती. गाभा सारखा बदलत असतो, माहिती मागं राहते. कागद एक सांगतो, यंत्र दुसरंच करतं. तो कागद यंत्राशी जुळवून घ्यायचं काम मावशी करत होत्या. लेक पुण्यात कंपनीत. या कामाला हात घालायचा तर माहितीपासून सुरू कर, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्याला कंटाळा आला. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यावरून मावशींनी त्या लाल-हिरव्या ओळी बघितल्या, लाल म्हणजे काढलेलं जुनं, हिरवं म्हणजे त्याच्या जागी नवं, आणि म्हणाल्या, ही तर आमची चिठ्ठी हाय. दे इकडं.

"आणि हे बघ," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "काय लिहिलंय? कळत नसेल तर न्हाई म्हणा. असं कुठल्या सरकारी कागदावर वाचलंस का कधी? मला तर ही माणसं लय आवडली."

प्रत्येक कळ त्या स्वतः चालू-बंद करून बघायच्या. लेकाच्या जुन्या मशीनवर गाभा नव्यानं बांधायला तीन तास लागायचे. तेवढ्यात वरण शिजायचं, कपडे वाळायचे. मशीन नव्या गाभ्यावर उठली की मगच चिठ्ठी पुरी. त्या वाक्यं लिहायच्या तीही नियमपुस्तकासारखी. एका वाक्यात एकच गोष्ट.

मी थक्क होऊन बघत होते. पूर्णेतल्या एका रेल्वे क्लार्कबाईनं लिहिलेलं वाक्य जगात कुठंही कुणीही वाचत असेल. मग माझी नजर मजकुराच्या खाली गेली. तिथं एक ओळ असते, की हे काम माझं आहे, याची हमी मी देतो. आणि नाव. नाव लेकाचं होतं.

"मावशी, हे तुमी केलंय ना?"

"मग कोण?"

"मग खाली त्याचं नाव कसं?"

"पाठवतो तो ना. माझं नाव तिथं कोण ओळखतंय?"

"सगळ्यांवर त्याचंच?"

"शेंगदाणे खा."

मी स्पष्ट बोलणारी आहे, इथंही स्पष्ट लिहिते. ही चोरी होती. आईच्या चिठ्ठ्यांवर लेकाला कंपनीत मान मिळत होता, सभांमधून बोलावणी येत होती, आणि आईला वाटत होतं की पोराचं चांगलं चाललंय. पुढं वर्षभर मी हा विषय काढत राहिले, मावशी शेंगदाणे पुढं करत राहिल्या.

मग ते पत्र आलं.

यंत्र गोठलं तर किती वेळ वाट बघून त्यानं आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, तो आकडा आपण ठरवून द्यायचा असतो. अशाच एका कळीच्या माहितीत मावशींनी लिहिलं होतं, आकडा सेकंदांत. परदेशातल्या एका माणसाचं यंत्र डोंगरावर हवा मोजत होतं. त्यानं ते वाचून साठ भरलं. यंत्र गोठलं आणि साठ सेकंदांनी उठायचं ते तासाभरानं उठलं. आकडा मिनिटांत होता. तेवढ्या तासाच्या नोंदी गेल्या. या कामाचा सगळा पत्रव्यवहार उघड्यावर चालतो, कुणालाही वाचता येतो, तिथं त्या माणसानं दोन ओळी लिहिल्या. रागाचा एक शब्दही नव्हता त्यात.

मी गेले तेव्हा मावशी चुलीपाशी नुसत्या बसल्या होत्या. चूल पेटवलेली नव्हती.

"तासभर गाडी उभी राहिली गं," त्या म्हणाल्या. "माझ्या चिठ्ठीनं."

"तुमी तर तपासून पाठवता."

"ही न्हाई तपासली. अर्धी सोडली होती."

त्यांनी तारीख सांगितली. त्या दुपारी मी आले होते. वसतिगृहाच्या पाण्यासाठी दुसऱ्या दिवशी मोर्चा, पत्रक संध्याकाळच्या गाडीनं परभणीला छापायला जायचं होतं. मशीन एकच. मीच म्हणाले होते, मावशी, तुमचं ते नंतर करा, जगाला काय घाई आहे. त्यांनी चाललेली चाचणी थांबवली. माझं पत्रक झालं. तिकडून लेकाचा फोनवर फोन, आजच पाठवायचंय. त्यांनी पाठवून दिलं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मावशी म्हणाल्या, "तू मशीन थांबवली न्हाईस. मी थांबवली."

तेवढ्यात लेकाचा फोन आला. त्यांनी मोबाईल पाटावर ठेवून स्पीकर लावला.

"आई, टेन्शन घेऊ नको. पुढच्या खेपेत मी बाकीच्यांत घालून टाकतो. सेकंदाचं मिनिट. कुणाच्या ध्यानात पण येणार न्हाई."

"कोणती चिठ्ठी चुकली, ते लिहिशील ना?"

"ते कशाला?"

"तसं लागत न्हाई रे. तुमच्याकडंच नियम हाय. आधीची कोणती, तिचा नंबर, कुणी लावली."

"माझं नाव हाय त्याच्यावर आई. माझी कंपनी वाचती ते. यंदा वरची जागा मिळायलीय मला, आन् आत्ताच..."

"म्हणूनच तू लिहू नको. मी लिहिते."

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "तू लिहिलंस तर बाकीच्या चिठ्ठ्यांचं पण विचारतील."

मावशींनी फोन ठेवला. पाणी प्यायल्या. आणि मशीन चालू केली. आधी चाचणी केली, पुरी, तीन तास बांधणी आणि मग आकडा टाकून, मशीन मुद्दाम गोठवून घड्याळ हातात घेऊन बसल्या. दोन भरले होते, दोन मिनिटांनी यंत्र उठलं. पुन्हा भरले, पुन्हा बघितलं. मग स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. या कामात पहिल्यांदा. ते तीनदा परत आलं, कारण तिकडं साधा मजकूरच चालतो आणि मावशींच्या पत्रात कसली तरी सजावट आपोआप घुसत होती. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट खूश झाल्या. "बघ, दारात कुणीतरी बसलंय. तपासल्याबिगर आत सोडत न्हाई."

चौथ्यांदा गेलं. इंग्रजीत चार ओळी होत्या, मला पाठ आहेत. आकडा मिनिटांत आहे. आधीचे वाक्य मी लिहिले होते. चाचणी पूर्ण केली नव्हती. ज्यांच्या नोंदी गेल्या त्यांची क्षमा मागते. खाली हमीची ओळ, आणि मावशींचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलंच. सभ्यपणे विचारलं, की आधीच्या कामावर तर दुसऱ्याचं नाव आहे, मग त्या नावाची बाकीची कामं कुणाची?

तासाभरात लेकाचं उत्तर आलं. मी मावशींच्या शेजारी बसून ते वाचलं. ती चिठ्ठी माझ्या आईनं लिहिली होती, मी एकदाच तिची मदत घेतली, ती चूक झाली, क्षमस्व. बाकी सगळं काम माझं आहे.

मी पुन्हा वाचलं. माझा विश्वास बसेना. शंभराला टेकलेल्या चिठ्ठ्या त्यानं ठेवून घेतल्या होत्या आणि नेमकी चुकलेली तेवढी आईला दिली होती.

मावशींनी चष्मा काढला. पदरानं पुसला. म्हणाल्या, "इंग्रजी चांगलंय त्याचं."

"मावशी, मी पत्रक काढते. पुण्यात त्याच्या कंपनीच्या दारात वाटते."

"काय लिहिशील?"

"खरं ते."

"मग सगळं खरं लिही. पहिल्या खेपेला त्यानं स्वतःचं नाव टाकलं तेव्हा मी इथंच बसले होते. बघितलं, आन् उठून चहा ठेवला. एकदा न्हाई, दर खेपेला. आता सांग, कुणाची सही?"

मी पत्रक काढलं नाही. ते चूक होतं की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मावशींनी त्यानंतर एकही चिठ्ठी पाठवली नाही, ना त्याच्या नावानं, ना स्वतःच्या. नवं काय बदललं ते रोज वाचायच्या मात्र. कधीकधी बोट पडद्यावर एखाद्या ओळीपाशी थांबायचं, मग पुढं सरकायचं. लेकाचे फोन कमी झाले. आला की त्या जेवलास का विचारायच्या, तो हो म्हणायचा, आणि दोघांकडचं बोलणं संपायचं.

थंडीत त्यांना दम लागायला लागला. नांदेडला नेलं. तिसऱ्या दिवशी गेल्या.

तेराव्याच्या आधी लेक माझ्याकडे आला. मोठा माणूस, दाढी वाढलेली, दारातच उभा. "ताई, आईचं श्रद्धांजलीचं पत्रक तू लिही. तुला जमतं."

मी कागद घेतला. नाव लिहिलं. रेल्वेतील निवृत्त लिपिक, असं लिहिलं. तो म्हणाला, "ते पण लिही ना. कर्नलचं. जगभरात तिचं काम वाचतात म्हणून."

"किती काम होतं त्यांचं?"

"सगळंच."

"मी शोधलं," मी म्हणाले. "त्यांच्या नावावर एक आहे. त्या चुकीची दुरुस्ती. आणि बाकी तुमचं, असं तुम्हीच लिहिलंय."

हे बोलताना मला वाटत होतं की आपण याला मारतोय. तो रडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जुन्यावरची नावं बदलता येत न्हाईत ताई. एकदा आत गेलं की कायमचं. खाली नवी नोंद करता येती फक्त."

"मग करा."

"नोकरी जाईल."

बऱ्याच वेळानं त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. त्याच्या नावावरची यादी उघडली, पहिल्यापासून. नवी नोंद लिहायची तर कोणत्या कुणाच्या हे आधी ठरवायला पाहिजे, म्हणाला. मी कागद पालटून कोरी बाजू वर केली, पेन घेतलं. तो एकेक उघडून वाचायला लागला. आईचं कोणतं, हे त्याला वाक्यावरून ओळखू येत होतं.

"लिही," तो म्हणाला. "ही आईची. ही आईची. ही पण. ही... माझी."

तो थांबला. ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत.

"न्हाई. आईची."