आमचे इवाई आणि त्यांची मशिनं

आमच्या इवायांइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि ही काही फार सुखाची गोष्ट नाही, हे त्यांच्या पंगतीला एकदा बसलेला कोणीही सांगेल. इवाई म्हणजे पुस्तकी भाषेत व्याही. माझ्या लेकीचे सासरे. एकदा मी मोठ्या हौसेनं त्यांना पुरणपोळी वाढली. पहिला घास खाल्ला आणि गप्प. मी म्हटलं, "कशी झालीय, इवाई?" तर हातानंच मला थांबवलं, घोटभर पाणी प्यायले, "जीभ आदी शून्यावर आणावी लागतीया," असं म्हणाले आणि दुसरा घास घेतला. मग निकाल आला : "जायफळ जास्त हाय. बाकी रेंजमधी." माझी विहीण, म्हणजे त्यांची बायको, दाराआडून म्हणाली, "मनावर घिऊ नगा, इहीणबाई. मला लग्नापासून निस्तं रेंजमधीच ठिवलंय."

इवाई आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा वर्ग घ्यायचे. रिटायर झाल्यावर पालीला, बिंदुसरेच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर घर बांधलं. त्या घरात शिरलं की डाव्या हाताला देव आणि उजव्या हाताला मशिनं. कॉलेजांनी, कारखान्यांनी टाकून दिलेली, वीज मापायची जुनी मशिनं ते कुठून कुठून उचलून आणत आणि दुरुस्त करत. त्यांतला सगळ्यात लाडका म्हणजे ऑसिलोस्कोप. लोखंडी पेटी, पुढं बटणंच बटणं, आणि मधोमध बशीएवढा गोल पडदा. त्या पडद्यावर विजेची हिरवी लाट नाचते. हे आज मी ऐटीत सांगते. पण लेकीचं स्थळ बघायला पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा मी पन्नाशीसुद्धा न गाठलेली, म्हणजे अगदीच कच्ची पोर होते. वर बीए बीएड. माझ्यातल्या त्या बाईला असं वाटायचं, की आपल्याला सगळं कळतं. तिनं ती हिरवी लाट पाहिली, दवाखान्यात पाहिलेली आठवली, आणि चेहरा पाडून हळूच विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास हाय का?" इवाई म्हणाले, "न्हाई. ही खोलीतली लाईट हाय." मग ती लाईट कशी वर जाते, कशी खाली येते, हे त्यांनी पोहे गार होऊन वाळेपर्यंत समजावलं. त्या शहाण्या बाईला एक अक्षर कळलं नाही, पण मान मात्र ती प्रत्येक वाक्याला हलवत होती. परतीच्या एस्टीत तिनं नवऱ्याला सांगितलं, "हे लोक आजार लपवतेत." पोरगी त्या घरात सुखात पडली, ती माझ्या अकलेमुळं नव्हे.

लेकीच्या लग्नातही इवायांनी कमाल केली. मंगलाष्टकं ऐन रंगात आली आणि मांडवातले दिवे लुकलुकायला लागले. लोकांनी दुर्लक्ष केलं, कारण लोक शहाणे असतात. वरबाप मात्र फेट्यासकट गायब. सगळे शोधतायत, आणि हे मांडवामागं खिशातला मीटर काढून डेकोरेशनवाल्याच्या बोर्डात वायरी खुपसून बसलेले. "आरं, दोनशे तीसच्या जागी एकशे नव्वद व्होल्ट येतंय की बे! यात काय लगीन लागल?" लग्न लागलं. अक्षता मात्र त्यांच्यावर पडायच्या राहिल्या, म्हणून माझ्या विहिणीनं मूठभर अक्षता मांडवामागं नेऊन त्यांच्या डोक्यावर टाकल्या. आणखी एक खोड सांगते. जुनं मशीन चालू केल्याबरोबर मापू नये, आधी नीट तापू द्यावं, असा नियम आहे म्हणे. हाच नियम ते पाहुण्यांना लावतात. पाहुणा आला की त्याला खुर्चीत बसवायचं आणि बराच वेळ चकार शब्द बोलायचा नाही. नवखा माणूस घाबरतो, आपलं काही चुकलं का म्हणून चप्पल शोधायला लागतो. तेवढ्यात हे एकदम प्रसन्न होऊन विचारतात, "हं, बोला. आता बोला."

अशा माणसाला पोरानं मोबाईल दिला आणि त्याला विकीचा शोध लागला. इंटरनेटवर अशी एक जागा आहे, तिथं जगभरचे हौशी लोक जुन्या मोजयंत्रांची माहिती लिहितात. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं दुरुस्त करावं. गावजेवणाचा स्वयंपाक असतो तसा प्रकार. एकानं मीठ टाकलं की दुसरा चाखतो आणि तिसरा भांडतो. इवायांच्या ऑसिलोस्कोपचं पान तिथं जवळजवळ रिकामं होतं. ते बघून यांना रस्त्यात कुणाचं पोर रडताना दिसावं तसं झालं. पण माहिती लिहायची इंग्रजीत, म्हणून मला बोलावणं आलं. मी सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली, त्यामुळं ती वापरायची वेळ कधी आली नव्हती. आता दर गुरुवारी मी बीडहून रिक्षानं पालीला जाते. ते मराठीत सांगतात, मी इंग्रजीत उतरवते, आणि ते दर ओळीला विचारतात, "म्यां सांगितलं तेवढंच लिवलंय ना? पदरचं काई घालू नगा बरं." चोरून उसाचा रस प्यायला जावं इतकी मजा मला त्यात येते. आम्ही यंत्राची ओळख लिहिली, कुठला भाग तापतो ते लिहिलं, आतले-बाहेरचे फोटो टाकले. दुसऱ्या एका मीटरचंही पान भरलं. परदेशातल्या लोकांनी शाबासकी दिली. इवाई आठवडाभर उगाच अंगणात फेऱ्या मारत होते.

आणि मग घोटाळा झाला. एका गुरुवारी गेले तर इवायांनी नाश्त्याला हात लावलेला नव्हता. सून, म्हणजे माझी लेक, म्हणाली, "आई, तूच बघ बाई आता." मी पान उघडून वाचलं. दूरदेशीच्या कुणा भल्या माणसानं आमच्या लिखाणाखाली भर घातली होती : भारतात वापरल्या गेलेल्या या मशिनांवर शून्याच्या बटणाशेजारी लाल-पिवळी खूण आढळते, बहुधा ती कारखान्यातल्या तपासणीची असावी. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, की अशीच खूण आणखी एका भारतीय मीटरवर दिसते, म्हणजे हे पक्कं झालं. तो मीटरही आमचाच! तिसऱ्यानं तर लाल म्हणजे पास आणि पिवळं म्हणजे पुन्हा तपासा, इथवर मजल मारली होती.

मी इतकी हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ते हळदीकुंकू होतं. दसऱ्याला शेतकरी नांगराची पूजा करतो, तशी माझी विहीण घरातल्या एकूण एक मशिनाला हळदीकुंकू लावायची. "सवती झाल्या म्हणून काय झालं? सणाला कुंकू नगं लावाय?" असं म्हणत एकेकीपुढं ताट ओवाळायची. हसता हसता मी इवायांकडं पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. दोन वर्षांखाली दसरा झाला आणि दिवाळीच्या आत माझी विहीण गेली. त्यानंतर त्या मशिनांना कुंकू लागलेलं नव्हतं, आणि ओलं फडकंही लागलेलं नव्हतं. फोटोत होती ती तिच्या बोटाची शेवटची खूण.

त्या पानाची देखरेख करणाऱ्या गृहस्थाचा निरोपही आला होता. मशीन स्वच्छ पुसून नवा फोटो पाठवा, म्हणजे वाद मिटेल. "त्याचं बी खरं हाय," इवाई म्हणाले. "आपल्यामुळं जगात खोटं पसरलंय. पुसलं पायजे." त्यांनी टेबलावर पांढरं धोतर अंथरलं, त्यावर ऑसिलोस्कोप ठेवला, स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला. सगळी तयारी झाली आणि ते बाजूला सरकले. "तुमी पुसा, इहीणबाई. माजं बोट थरथरतंय." परवाच त्या बोटांनी केसाएवढी तार जोडलेली मी पाहिली होती. मी कापूस घेतला. काच पुसली, मूठ पुसली, एकेक बटण पुसलं. मग कापूस खाली ठेवला.

"त्यवढं ऱ्हायलं," ते भिंतीकडं बघत म्हणाले.

"इवाई, एक सांगा. फोटो खोटा हाय का?"

"फोटो कसा खोटा असंल?"

"मग ती खूण कावून पुसायची? त्या लोकांनी अंदाजानं लिहिलंय ते चुकलंय. ते दुरुस्त करू. ज्याचं चुकलं त्याचं पुसावं, तिचं कशाला?"

मी पाहुण्यासारखी गप्प बसून राहिले. शेवटी त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला लागले, मी लिहीत गेले. ही खूण कारखान्याची नाही. दसऱ्याला आमच्याकडं अवजारांची पूजा होते. ही हळद आणि हे कुंकू मशीनमालकाच्या पत्नीनं लावलेलं आहे. एवढ्यावर ते थांबले. मला ते अर्धवट वाटलं. मास्तरीणच मी, उत्तर पुरं झाल्याशिवाय पेन खाली ठेवता येत नाही. मी आपणहून पुढं जोडलं, की मापनावर या खुणेचा काही परिणाम होत नाही.

त्यांनी चष्मा लावून ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये काय लिवलंय?" मी अर्थ सांगितला.

"काढा त्ये."

"आता यात काय खोटं हाय?"

त्यांनी मशीन चालू केलं. पडदा हळूहळू उजळला आणि हिरवी लाट सुरू झाली.

"परिणाम होतोय का न्हाई, ते बघायचं म्हणलं तर एकदा तिच्याबिगर मापून बघावं लागंल," ते म्हणाले. "त्ये काई आपल्यानं व्हायचं न्हाई."

मी ते वाक्य खोडलं. लेक चहा घेऊन आली. आम्ही दोघं त्या लाटेकडं बघत बसलो, आणि पहिल्यांदाच त्यांनी चहात साखर किती आहे ते सांगितलं नाही.