होडी माझी, नवरा पन माझाच

पोर्तुगालमधल्या आवेइरू शहराच्या मोठ्या कालव्यात एतेल्विनाची होडी धक्क्याला लागली की लोक आधी नाळेवरचं, म्हणजे पुढच्या टोकावरचं चित्र बघत आणि मग हसत. एक जाडजूड बाई सुकाणू धरून ऐटीत बसलेली, तिचा नवरा शेजारी सार्डिन मासे भाजतोय. खाली लिहिलेलं, ‘होडी माझी, नवरा पन माझाच.’ चित्र आणि अक्षर दोन्ही आदेलिनूचं, म्हणजे त्या नवऱ्याचंच. इथल्या होड्यांची रीतच ती. चित्र चावट, आणि लिहायचं ते बोलतो तसंच.

पाहुण्यांना फिरवणाऱ्या होड्यांना धक्क्यावरच्या जागा सहल कंपनी वाटून देई. तिचा माणूस तेल्मो सकाळीच आला.

“मावशी, ते ‘पन’ पुसा, ‘पण’ लिहा. पाहुणे फोटो काढतात. शहराचं हसं होतं.”

“हसायलाच तर लिहिलंय!”

“थट्टा नाही. दुपारपर्यंत बदललं नाही, तर जागा दुसऱ्या होडीला जाईल.”

त्या जागेवरच दोघांचं पोट होतं. आदेलिनूने रंगाचा डबा उघडला. “एकच अक्षर आहे गं. जाऊ दे ना.”

“एकच? त्या एका अक्षरापायी शाळेत बाई मला वर्गाबाहेर उभं करायच्या. आता माझ्याच होडीबाहेर उभी राहू?” डबा तिने फटकन बंद केला आणि ती तेल्मोकडे वळली. “तुझी आई आमच्याच कोळीवाड्यातली ना रे? जेवायला हाक मारते तेव्हा कशी बोलते?”

तेल्मोचे कान लाल झाले. “आईला मधे आणू नका.”

“मी कुठे आणली? ती होतीच तिथे. पुसायला तू निघालायस.”

 तो मान खाली घालून पुटपुटला, “माझ्या हातात नाही, मावशी.”

“माझ्या आहे.” तिने स्वतःच दोर सोडला.

पुलाखालून होडी निघाली ती थेट मिठागरांच्या टोकाला. तिथे पाहुणे चुकूनच फिरकत.

“इथे काय मिठाचे ढीग बसणार होडीत?” आदेलिनू कुरकुरला.

“बसू देत. ते चुका तरी काढत नाहीत.”

मनातून ती धास्तावलेलीच होती. तरी नाळेवर चढली, पदर नव्हता म्हणून एप्रनच कमरेला घट्ट खोचला आणि पलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या माणसांना तिने खणखणीत हाक घातली, “चला ऽ ऽ! कोन कोन येतंय?”