पाच वर्षं उलटेपर्यंत

ते पत्र बिल्डरने नाही, मी दाबलं.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो. ताबा मिळून तिसरं वर्ष चालू असताना सातव्या मजल्यावरच्या मित्राने माझ्याकडे लेखी तक्रार दिली. बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, आईच्या खोलीतलं प्लास्टर फुगलंय, बिल्डरला कळवा. मी त्याला पोच दिली आणि पत्र फाइलला लावलं. बिल्डरच्या इंजिनिअरला तेवढा व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. जमीन अजून सोसायटीच्या नावावर व्हायची होती. लेखी नोटीस गेली तर बिल्डर ते काम अडवून ठेवेल, अशी भीती होती. मित्राला म्हणालो, "पाठवलंय रे. पण चावी घेताना 'काही तक्रार नाही' म्हणून आपण सह्या केल्यात ना? फार ताणू नकोस."

दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा म्हणून त्या सह्या घरं न बघताच झाल्या होत्या, आणि गोळा मीच केल्या होत्या.

इंजिनिअर येऊन भिंत बघून गेला. भेगेत कसलीशी पुट्टी भरून वर रंग मारला. पुढे दोन वर्षांनी प्लास्टरचा पोपडा मित्राच्या आईच्या पलंगावर पडला. त्या तेव्हा स्वयंपाकघरात होत्या.

मित्र वकिलाकडे गेला. वकील म्हणाले, त्या सहीने हक्क जात नाही. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत दोष कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर भरपाई. फक्त मुदतीत कळवल्याचा पुरावा आणा. पाच वर्षं उलटून तीन महिने झाले होते.

"बिल्डरची पोच दे," तो म्हणाला.

"शोधतो."

तिसऱ्यांदा आला तेव्हा दारातच थांबला. "मिळत नाहीये, की पाठवलंच नव्हतंस?"

मी फाइलमधलं त्याचं पत्र काढून त्याच्यापुढे धरलं.

"शाबास! दोन वर्षं बिल्डरला शिव्या घातल्या. चुकीच्या माणसाला घातल्या, यार."

कमिटीच्या बैठकीत त्याच्या बाजूने कोणीच नव्हतं. "गळकी बिल्डिंग म्हणून बोंब झाली तर फ्लॅटचे भाव पडतील," खजिनदार म्हणाले.

"प्लास्टर आईवर पडू दे," तो म्हणाला. "तुमचे भाव पडायला नकोत."

शेवटी वकिलांनीच वाट दाखवली. मी प्रतिज्ञापत्र द्यायचं: तक्रार मुदतीत माझ्याकडे आली, इंजिनिअरला मी फोटो पाठवला, तो येऊन बघून गेला. सोबत ते मेसेज. त्यात पत्र पुढे न पाठवल्याचंही लिहावं लागणार होतं. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोयस," कमिटीवाले म्हणाले. मी सही केली आणि सेक्रेटरीपद सोडलं. प्रकरण अजून चालू आहे. बिल्डरचा वकील म्हणतो, फोटो म्हणजे तक्रार नव्हे.

प्रत द्यायला सातव्या मजल्यावर गेलो. आईचा पलंग हॉलमध्ये आणला होता. त्याने कागद उभ्यानेच वाचला. "हे कोर्टासाठी झालं," तो म्हणाला. "मला काय?"

मी त्याच्याकडे नाही, त्याच्या आईकडे बघून बोललो. "काकू, याने पत्र वेळेवर दिलं होतं. मी पाठवलं नाही, आणि पाठवलं म्हणून खोटं सांगितलं. तुम्ही त्या भिंतीखाली दोन वर्षं झोपलात ते माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ करा."